दोन परस गाळाखालचं गाव : अचाफलायाच्या पाणथळात चार दिवस

आई सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला येते आणि तिसऱ्या आठवड्यात तिला करमेनासं होतं. देऊळ झालं, मॉल झाले, माझ्या मैत्रिणींकडची जेवणं झाली. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "तुमच्या हितं एखादी चांगली नदी न्हाय का गं? काठावर माणसं राहत्यात अशी?"

आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. 'बुडालं' असं ती कधीच म्हणत नाही, 'उठलं' म्हणते. तेव्हा ती विशीची होती, लग्न होऊन सासरी आलेली. माहेरचा उंबरा पाण्याखाली गेला तेव्हा ती तिथे नव्हती, ही रुखरुख तिला अजून आहे.

लुइझियानातल्या अचाफलाया नदीच्या पाणथळात बायू शेन नावाचं एक गाव होतं आणि ते नदीच्याच गाळाखाली गाडलं गेलं, एवढं मी मागे वाचून ठेवलं होतं. बायू म्हणजे संथ वाहणारा फाटा, शेन म्हणजे फ्रेंचमध्ये ओकचं झाड. मार्चअखेरीस चार दिवस काढून आईला तिकडे न्यायचं ठरवलं. गावाची गोष्ट मात्र तिला आधी सांगितली नाही.

दिवस पहिला, गुरुवार

ह्यूस्टनहून पूर्वेला साडेतीन-चार तास सरळ हायवे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लाफायेत मागे पडलं, हेंडरसनचा फाटा गेला आणि पूल सुरू झाला. १९७३ साली खुला झालेला हा पूल सुमारे २९ किलोमीटर लांब आहे. खाली नदी अशी दिसतच नाही, पाण्यात उभी असलेली झाडं दिसतात. सायप्रसचे राखाडी बुंधे तळाशी घागरीसारखे फुगलेले, फांद्यांवरून राखाडी दाढ्या लोंबणाऱ्या. गाडीत गप्पा चालल्या होत्या त्या आपोआप थांबल्या. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "पूल हाय का गाव हाय ह्यो? सरत कसा न्हाय?"

पुलाच्या मध्यावर ब्यूट ला रोझचा फाटा आहे. तिथलं सरकारी स्वागत केंद्र चुकवू नका. स्वच्छ स्वच्छतागृह, फुकट नकाशे आणि निवांत बोलणारी माणसं. इथे मला नदी नीट समजली.

अचाफलाया हे नाव चॉक्टॉ भाषेतलं, 'लांब नदी'. प्रत्यक्षात ती जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण तिच्यात पाणी मिसिसिपीचं. एकोणिसाव्या शतकात तिच्या वरच्या अंगाला वाहून आलेल्या ओंडक्यांचा मैलोगणती खच अडकून बसला होता. १८३१ साली हेन्री श्रीव्ह या बोटींच्या कप्तानानं मिसिसिपीचं एक वळण कापून सरळ केलं आणि १८३९पासून ओंडके उपसायला सुरुवात झाली. बूच निघालं. मिसिसिपीला समुद्राकडे जायची जवळची वाट मिळाली आणि दरवर्षी ती या बाजूला जास्त जास्त कलू लागली. तशीच सोडली असती तर न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज कोरडी पडली असती. म्हणून १९६३ साली वर दरवाजे बांधून हिशेब पक्का केला : मिसिसिपी आणि रेड नदीचं मिळून जे पाणी येईल, त्यातलं ३० टक्के इकडे, ७० टक्के तिकडे.

त्याही आधी, १९२७च्या महापुरानंतर, या पाणथळाच्या दोन्ही अंगांना मातीचे प्रचंड बांध घातले गेले. दोन बांधांमध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचा पट्टा. मिसिसिपीला पूर आला की तो इथे सोडायचा. पण त्या पट्ट्यात माणसं राहत होती.

पुलाखाली उतरून आम्ही नदीकाठच्या वस्तीत गेलो. घरं खांबांवर उचललेली, खाली होड्या आणि गाड्या. चिप्स घ्यायला एका दुकानात थांबलो, तर दुकानदारीणबाईंनी २०११ची गोष्ट सांगितली. १४ मे रोजी वर मॉर्गान्झाचे, म्हणजे मिसिसिपीचा पूर इकडे सोडायचे दरवाजे उघडले, ते १९७३ नंतर पहिल्यांदाच. इथल्या लोकांना घरं सोडायला सांगितली होती. बाईंनी फ्रीज, पलंग, नवऱ्याच्या आईची शिवणयंत्रं, सगळं ट्रकवर लादून बहिणीकडे नेलं. पाणी आलं, पण सांगितलं होतं त्यापेक्षा कमी आलं. आईनं मला दुभाषी करून एकच प्रश्न विचारला, "भरपाई मिळाली व्हय?"

बाईंनी त्याचं उत्तर सविस्तर दिलं. बांधांच्या आतल्या पुष्कळ जमिनींवर सरकारनं फार पूर्वीच मालकांकडून पाणी सोडायचा हक्क विकत घेऊन ठेवला आहे. सातबारा तुमच्या नावावर, पण पूर आणायचा अधिकार त्यांचा. आईनं ऐकून मान हलवली. ही भाषा तिला दुभाष्याविना कळत होती.

मुक्काम ब्रो ब्रिजजवळच्या मोटेलमध्ये. काउंटरवर गुजराती काकी. आई आणि त्या रात्री दहापर्यंत हिंदीत बोलत बसल्या, आम्ही झोपलो.

जाणाऱ्यांसाठी : ब्यूट ला रोझच्या नदीपातळीचा आकडा इंटरनेटवर रोज मिळतो, निघण्याआधी पाहा. पाणी चढतं असलं तर होड्या आतवर जाऊ शकतात आणि क्रॉफिश हे नांग्यांचे जीवही खायला भरपूर मिळतात. मार्च-एप्रिल उत्तम. जूननंतर उकाडा आणि डास सोसत नाहीत.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी सातला फोन. वारा फार आहे, होडी रद्द. एअरबोट ठरवली होती, मोठ्या पंख्याची, कानात बोळे घालून बसायची. पैसे परत मिळायला नंतर दोन आठवडे आणि सहा ईमेल लागले. तेव्हा मन खट्टू झालं होतं, पण ती होडी रद्द झाली म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मोकळा दिवस मिळाला म्हणून दक्षिणेला तासाभरावर शॅरेंटनला गेलो. इथे चिटिमाचा लोकांची वसाहत आणि त्यांचं छोटं संग्रहालय आहे. या पाणथळाचे खरे मूळ रहिवासी हे. फ्रेंच येण्याआधी अख्खं खोरं त्यांचं होतं. लढाया, गुलामगिरी आणि रोगराईनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मूठभर उरले होते. त्यांची भाषा सफाईनं बोलणारी शेवटची बाई १९४० साली गेली. त्याआधी भाषाशास्त्रज्ञांनी वह्याच्या वह्या भरून ठेवल्या होत्या, त्यांच्या आधारावर आता मुलं ती भाषा संगणकावरून पुन्हा शिकतात.

पण आईला धरून ठेवलं ते टोपल्यांनी. नदीकाठच्या वेताच्या, म्हणजे अमेरिकेतल्या देशी बांबूच्या कामट्यांच्या. लाल, पिवळा, काळा असे तीन रंग. नक्षीची नावं ऐका : मगरीची आतडी, काळ्या पक्ष्याचा डोळा. यातल्या सगळ्यात अवघड टोपल्या दुहेरी विणीच्या. आत एक टोपली, बाहेर एक टोपली, आणि दोन्ही त्याच कामट्यांनी अखंड विणलेल्या, काठावर कुठे जोड नाही. आईनं काचेला नाक लावून पाहिलं. माहेरच्या बुरुडाकडे तिचं लहानपण गेलेलं, सुपं-परड्या कशा वळतात ते तिला ठाऊक.

तिथल्या एका ताईंनी एक ओली कामटी आणली, टोक दातांत धरलं आणि एका झटक्यात वरची चकचकीत साल अलगद सोलून काढली. साल कागदासारखी पातळ, कुठेही तुटलेली नाही. आई म्हणाली, "तिला ईचार, दात दुखत न्हायती का?" ताई हसल्या. म्हणाल्या, आजीचे समोरचे दात झिजून निम्मे झाले होते.

परतताना सेंट मार्टिनव्हिलला थांबलो. चिटिमाचांच्या नंतर आलेल्यांची गोष्ट इथे सुरू होते. कॅनडाच्या अकेडियातून १७५५ साली इंग्रजांनी हाकलून दिलेले फ्रेंच शेतकरी दहा वर्षं वणवण करत १७६५च्या सुमाराला या भागात पोचले. 'अकेडियन'चं बोलीत झालं 'केजन'. तिथे १८१५च्या सुमाराचं एक जुनं घर सरकारनं जपलं आहे. त्याच्या भिंतीचा एक तुकडा गिलावा काढून उघडा ठेवलाय. लाकडी चौकटीत आडव्या काड्या आणि त्यावर चिखल थापलेला, चिखलात झाडावरच्या त्या राखाडी दाढ्या कालवलेल्या. आईनं हात लावून पाहिला. "कुडाची भिंतच की! आपण शेण न् भुस्सा घालतो, ह्यांनी ह्ये घातलं."

त्या दाढ्यांना इथे 'स्पॅनिश मॉस' म्हणतात. ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. पाणथळातल्या लोकांना तिनं पिढ्यान्‌पिढ्या पोसलं. झाडावरून ओढायची, पाण्यात कुजवायची, वरची साल गळून गेली की आत काळा केसासारखा धागा राहतो. तो गिरणीत साफ होऊन गाद्यांत आणि मोटारींच्या सीटांत भरला जायचा.

दिवस तिसरा, शनिवार

ब्रो ब्रिजमध्ये शनिवारी सकाळी झायडेको नाश्ता असतो. झायडेको म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं नाचाचं संगीत, ॲकॉर्डियन आणि छातीवर अडकवलेला पन्हाळीसारखा पत्रा. तो पत्रा चमच्यांनी खरडून ताल धरतात. सकाळी साडेआठला सत्तरीच्या आजोबा-आजी हातात हात घालून नाचत होते. लवकर जा, नऊनंतर बसायला जागा मिळत नाही.

दुपार लेक मार्टिनला. तलावाभोवती कच्चा रस्ता आहे, गाडी हळूहळू चालवत, थांबत पाहायचं. झाडांवर पांढऱ्या बगळ्यांची घरटी आणि त्यांच्यात गर्द गुलाबी चमच्या, चोच खरंच भाताच्या डावासारखी. आई म्हणाली, भिगवणला रोहित येतात ना, तसाच रंग. एका ओंडक्यावर तीन मगरी उन्हात पडल्या होत्या. जातीनं ॲलिगेटर. आम्ही गाडीतच बसून पाहिल्या. काठावर उतरून पाण्याजवळ जाऊ नका, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर.

तलावाचा एक कोपरा जलपर्णीनं भरलेला. आईनं लगेच ओळखली, उजनीत तीच आहे. १८८४ साली न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनात जांभळ्या फुलांची शोभेची वनस्पती म्हणून ती इथे लोकांच्या हाती पडली, असं सांगतात. पंचवीस वर्षांत फाटे तुंबले, होड्या अडकल्या. १९१० साली इथलेच खासदार रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी अमेरिकेच्या संसदेत विधेयक मांडलं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणून पाणथळात सोडावेत, ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांस मिळेल. विधेयक मंजूर झालं नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "पाणघोडा खातोय किती, न् ती वाढती किती."

संध्याकाळी क्रॉफिश. कोळंबी आणि खेकडा यांच्या मधला, बोटभर लांबीचा, नांग्यांचा हा गोड्या पाण्यातला जीव. ब्रो ब्रिजला १९५९ साली राज्य विधिमंडळानं 'जगाची क्रॉफिश राजधानी' ठरवलं. मोठ्या पातेल्यात लाल तिखट, मीठ, बटाटे आणि मक्याच्या कणसांबरोबर उकळून थेट परातीत ओततात. माणशी तीन पौंड मागवा. शेपूट पिळून सोडवायचं, मांस खायचं आणि मुंडी चोखायची. अमेरिकेत वाढलेली माझी लेक मुंडी चोखायला तयार होईना. तिच्या आजीनं दोन मुंड्या चोखल्या, तिसरी नातीच्या हातात दिली आणि मग परात रिकामी होईस्तोवर कुणी बोललं नाही. "वढ्यातल्या खेकड्याची चव हाय," हा आईचा अभिप्राय. शेपूट सरळ ताठ असलेला क्रॉफिश बाजूला ठेवा, तो उकळण्याआधीच मेलेला असतो असं इथले लोक मानतात.

शाकाहारी मंडळींनी सोबत डबा न्यावा. राजम्यासारख्या लाल घेवड्यातही डुकराचं मांस असतं आणि भेंडीच्या गम्बोतही सॉसेज असतं. 'गम्बो' हा शब्दच मुळी आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला आहे.

क्रॉफिश वाढणाऱ्या मुलाशी बोलताना माझ्या तोंडून बायू शेनचं नाव गेलं. तो थांबला. म्हणाला, माझ्या मामाची आई तिथली. मामा उद्या सकाळी पिंजरे बघायला जाणार आहे, विचारू का?

दिवस चौथा, रविवार

सकाळी साडेसहाला आम्ही पश्चिम बांधावर उभे होतो. बांध चांगला दोन मजली उंच, हिरव्या गवताचा, त्यावर गाई चरत होत्या. एका बाजूला उसाची शेतं आणि घरं, दुसऱ्या बाजूला पाणी. वारा पडला होता, पाण्यावर धुकं. मामा साठीचे, पांढरे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, सपाट बुडाची ॲल्युमिनियमची होडी. आईला त्यांनी हात धरून बसवलं आणि 'शा' म्हणाले. फ्रेंच 'शेर'चं हे इथलं रूप, आपल्या 'बाई गं'सारखं मायेनं सगळ्यांना लावतात. आईनं त्यांना पहिल्या मिनिटापासून 'दादा' म्हटलं, आणि त्यांनी ते आपलं नाव समजून घेतलं.

आधी पिंजरे. तारेच्या जाळीचे, झाडाला बांधलेले, वरचं तोंड पाण्याबाहेर. दादा एकेक उचलत, थरथरत्या फळीवर ओतत, लहान पिल्लं परत पाण्यात. काही पिंजऱ्यांतले सगळे मेलेले निघाले. पाणी काळं होतं तिथे. तेलवाल्यांनी पाइपलाइनसाठी सरळ कालवे खणले आणि उपसलेली माती काठावर टाकली. त्या मातीचे बांध झाले, पुराचं पाणी आडवं फिरेनासं झालं. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि क्रॉफिश पिंजऱ्यातच गुदमरतात. दादा हे सांगताना आवाज चढवत नव्हते, पण मेलेला प्रत्येक पिंजरा ओतल्यावर ते त्या मातीच्या बांधाकडे एकदा बघत.

पुढे बुंधे लागले. दहा माणसांनी कवेत घ्यावेत एवढाले सायप्रसचे तोडलेले बुंधे, राखाडी, पाण्यात ओळीनं. १८८०पासून १९२०च्या दशकापर्यंत इथलं जंगल साफ झालं. झाडाच्या सालीला गोल चर मारून ते उभंच वाळवायचे, कारण ओला सायप्रस बुडतो. मग पूर आला की तोडून तरंगत न्यायचं. नंतर वाफेच्या यंत्रांनी तारा बांधून ओढायला लागले. एका जागी उभ्या यंत्राकडे चहूबाजूंनी ओंडके ओढल्याचे चर अजून विमानातून चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात. एका बुंध्यावर दोन खाचा होत्या, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यात फळ्या अडकवून त्यांवर उभे राहून लाकूडतोडे करवत चालवायचे. दादांनी होडी थांबवली. आईनं त्या खाचेत हात घातला, कोपरापर्यंत गेला.

तासाभरानं झाडं बदलली. सायप्रस मागे राहिले, पातळ, पोपटी विलो आणि कॉटनवुड लागले. फाटा अरुंद होत गेला. दादांनी मोटर बंद केली.

"हेच," म्हणाले.

तिथे काहीही नव्हतं. चिखलाचा काठ, विलोची दाटी, एक घुबड कुठेतरी दिवसाढवळ्या घुमत होतं. दादांनी होडी ढकलायची चौदा फुटी काठी उचलली, काठाला उतरून उभी धरली आणि तिच्या वरच्या टोकाच्या थोडं खाली बोट ठेवलं. "इथपासून जमिनीपर्यंत जेवढं, तेवढं खाली. बारा फूट. माझ्या आईचं अंगण तिथे आहे."

मी आईला सांगितलं. बराच वेळ ती त्या काठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बारा फूट म्हंजी दोन परस." विहिरीची खोली ती अजून परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात मोजते.

मग दादांनी गाव सांगितलं. १८३०-४०च्या सुमाराला लोक इथे आले. फ्रेंच, इंग्रज, जर्मन, काळे, चिटिमाचा, सगळे मिसळलेले. यादवी युद्धाच्या आधी उसाचे मळेसुद्धा होते. नंतर मासेमारी, लाकूड, मॉस. रस्ता कधीच नव्हता. मुलांची शाळेची होडी, पत्र आणणारी होडी, किराणा विकणारी होडी. दोन चर्च, एक पोस्ट, शाळा, दुकानं, नाचाची जागा. उभं राहून, पुढे तोंड करून होडी वल्हवायचे, म्हणजे समोरून कोण येतंय ते दिसतं. मासे पकडून पाण्यातच लाकडी पेटीत जिवंत ठेवायचे, आठवड्यातून विकत घेणारी मोठी होडी यायची. पूर दरवर्षीचाच. पाणी चढलं की गाई आणि कोंबड्या तराफ्यावर, आणि माणसं जिन्यावर जेवायची.

१९२७चा महापूरही त्यांनी काढला, परत आले, घरं धुतली. गाव संपवलं ते नंतरच्या बांधांनी. पूर्वी पुराचं पाणी शंभर वाटांनी पसरायचं. दोन्ही बाजूंना भिंती झाल्यावर आणि मधला नाला खोल उपसल्यावर अख्ख्या मिसिसिपीचा गाळ इथे येऊन बसायला लागला. दर पुरानंतर बाग वर उचलायची, कुंपण वर उचलायचं. तिशी-चाळिशीच्या दशकांत एकेक घर उठलं. पन्नाशीच्या दशकात पोस्ट बंद झालं. दफनभूमी खालीच राहिली.

"आणि ह्यो गाळ?" आईनं काठावरची मूठभर माती उचलून बोटांत चुरली. "लई झ्याक माती हाय. आमच्याकडं ह्यात गाळपेर केली असती. हरभरा असा आला असता."

मी भाषांतर केलं. दादा म्हणाले, तोच गाळ आता खाली समुद्रात जाऊन नवी जमीन तयार करतोय. लुइझियानाचा किनारा सगळीकडे खचतोय, इथे अचाफलायाच्या तोंडाशी मात्र वाढतोय. १९७३च्या पुरानंतर तिथे पहिल्यांदा बेटं वर आली. त्यांनी स्वतः जाऊन पाहिली आहेत.

परतल्यावर दादा आम्हाला बांधाबाहेर कॅटाहूलाला त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांची आई सत्त्याऐंशीची. घराच्या भिंतीच्या फळ्या सायप्रसच्या, बायू शेनच्या घरातून सोडवून बार्जवर लादून आणलेल्या. सायप्रस कुजत नाही. आजींनी आईला शेजारी बसवून घेतलं, कॉफी दिली, काळी आणि इतकी दाट की कपाचा तळ दिसेना. त्या मध्येच फ्रेंचमध्ये शिरत, दादा इंग्रजी करत, मी मराठी. गाव सोडल्यावर इकडच्या शाळेत आल्या तर फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होई. १९२१च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली होती. "घर गेलं आणि त्याच वर्षी तोंडही बंद केलं," असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पायऱ्यांचं सांगितलं. त्या सहा वर्षांच्या होत्या तेव्हा अंगणातून ओसरीवर चढायला पाच पायऱ्या होत्या. पुढच्या पुरानंतर चार. मग तीन. त्या पायऱ्यांवर बसून केस विंचरायच्या. दहाव्या वर्षी एकच उरली, आणि वडिलांनी फळ्या सोडवायला घेतल्या. ती एक पायरी त्यांनी मागितली होती, वडील विसरले.

आईनं आपलं सांगितलं. भीमा, उजनी, गाव उठलं ते. आजींनी विचारलं, "तिथलं पाणी कधी उतरतं का?"

"दुष्काळ पडला की उतरतंय. पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. माणसं जात्यात बघाया. एका साली मीबी गेले. आमच्या घराचं जोतं घावलं मला. चुलीची जागाबी घावली."

आजींनी दादांकडून ते दोनदा ऐकून घेतलं. मग आईचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. "चुलीची जागा," त्या म्हणाल्या. "हाताला लागली?"

"व्हय. हाताला."

अर्धा तास तरी आम्ही आणखी बसलो. आजींनी अंजिराच्या मुरंब्याची बरणी दिली. नवऱ्यानं घड्याळ दाखवलं, ह्यूस्टन लांब होतं.

आजींच्या घराचा ओटाही खांबांवर उंच उचललेला आहे. उतरताना आईनं कठडा धरला आणि एकेक पायरी पुटपुटत मोजली. सात भरल्या. तिनं मागे वळून आजींना बोटांनी दाखवलं, सात. आजींनी दारातूनच मान हलवली.